सुनंदाताईंची नजर

गेल्या रविवारपर्यंत हे घरात माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याला तर अजूनही नाही — त्याला जे ठाऊक आहे ते मी रचलेलं आहे. तुम्हाला सांगते. मध्येच अडखळले तर अडखळू द्या, पण सांगणार आहे.

लग्नाआधी मी छातीचा आकार कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. पुण्यात तेव्हा सॉफ्टवेअर कंपन्या नव्यानं उभ्या राहत होत्या, आणि मी येरवड्यात मैत्रिणीबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होते. खांदे भरून यायचे, पट्ट्यांचे वळ उठायचे, आणि ऑफिसात माणसं बोलायची माझ्याशी, बघायची भलतीकडे. घरी सांगितलं, ट्रेनिंगसाठी बंगळूरला चाललेय. बरी होईपर्यंत हात वर जात नव्हता. मैत्रीण वेणी घालून द्यायची, झोपायचं ते उशांना टेकून, बसल्या बसल्या. ऑपरेशनचा मला पश्चात्ताप नाही — आजही नाही. ताठ चालायला मी त्यानंतर शिकले.

डॉक्टरांनी बजावलं होतं — पुढे मूल झालं तर दूध पुरेलच असं नाही. काहींना पुरतं, काहींना वरचं द्यावं लागतं. तेव्हा तिथल्या डॉक्टरांना आठवणीनं सांगा. मी मान डोलावली. मूल कुणी पाहिलं होतं तेव्हा?

लग्न ठरल्यावर होणाऱ्या नवऱ्याला म्हटलं, दोन्हीकडे गाठी होत्या, साध्याच, काढून टाकल्या. भला माणूस, त्यानं पुन्हा विचारलं नाही.

मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच, खडकीच्या क्वार्टरमध्ये. करायला आल्या सुनंदाताई, माझ्या थोरल्या नणंद. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. शनिवार पेठेतला स्वतःचा संसार टाकून आल्या. हळिवाचे लाडू, शेक, पायांवर घेऊन बाळाची अंघोळ — सगळं त्यांनी केलं. मी मजेत झोपा काढायचे.

दूध मात्र पुरेना. लेक रडून रडून लाल व्हायची, वजन वाढेना. डॉक्टरीणबाईंनी व्रणांबद्दल विचारलं, तर शेजारी सासूबाई उभ्या — तिथंही मी गाठीच सांगितल्या. खरं बोलले असते तर त्याच दिवशी वरचं दूध सुरू झालं नसतं का? पोर उपाशी राहिली ती माझ्यामुळे.

आणि मग शेजारणीनं सासूबाईंच्या कानात घातलं — मूल नसलेली बाई पाजताना समोर बसते, असं कसं चालेल? सासूबाई माझ्यापाशी आल्या. दारात सुनंदाताई खिरीची वाटी घेऊन उभ्या होत्या.

"खरं सांग गं, ती समोर बसली की कमी येतं का?"

मी इंजिनिअर. दृष्ट-बिष्ट काही न मानणारी. काय म्हणाले असेन?

"हो, तसं वाटतं खरं."

हाच तो गुन्हा. नुसती गप्प बसले असते तर भित्री ठरले असते — पण मी बोलले.

ताईंनी वाटी खाली ठेवली आणि संध्याकाळी घरी गेल्या. त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी डब्याचं दूध सुरू केलं, लेक बाळसं धरू लागली, आणि घरादाराला पुरावा मिळाला. "बघ, म्हटलं नव्हतं?" सासूबाई म्हणाल्या. मी हसले. हसले हो मी.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. माझ्या लेकीला सख्खी आत्या एकच. कानात कुर्र केलं ते चुलत नणंदेनं. सुनंदाताई स्वयंपाकघरात घुगऱ्या भरत होत्या. त्या भांडल्या नाहीत. का भांडतील? त्यांना ते पटलं होतं. पाजती बाई दिसली की तेव्हापासून त्या उठून दुसऱ्या खोलीत जातात. माझी लेक आता नोकरीला लागली, तिला त्यांनी त्यानंतर कधी मांडीवर घेतलं नाही.

नुकताच थोरल्या दिरांच्या सुनेला मुलगा झाला. ताईंनी बाळंतविडा माझ्याकडे पाठवला, वर फोन केला. "तूच दे गं. मी नाही येत, लहान जीव आहे."

हे ऐकल्यावर मला घरात बसवेना. रविवारी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं — ऑपरेशन, गाठी, ते "हो". साठी उलटलेली बाई, खुर्चीचा हात धरून ऐकत होती.

"म्हणजे मी बघितलं म्हणून नव्हतं?"

"नाही."

त्यांनी तेच पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. मग त्या उठून आत गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी दार ओढून घेतलं आणि निघाले.

क्षमा मागितली नाही, मागणारही नाही — तेवढ्यानं हे फिटायचं नाही. या बारशाला सासूबाई, नवरा, लेक, सगळे जमतील. ताईंवर ठपका ठेवला तो घरच्यांच्या देखत, तेव्हा त्यांच्याच देखत उभी राहून हे सांगणार आहे — ताई आल्या तरी, न आल्या तरी.