माझी आई रडली नव्हती

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "याला म्हणतात अस्सल."

विश्रामबागेतलं कॉलेज. एम.ए.चा कादंबरीलेखनाचा वर्ग. आम्ही अकराजण, सगळ्यांना लेखक व्हायचं होतं. बंगल्यात राहणारी माझी मैत्रीण तिच्या कादंबरीचं प्रकरण वाचत होती. त्यात एक नदाफीण. लोकांच्या गच्चीवर कापूस पिंजून गाद्या भरते. मालकीण तिला कुंडीमागं वेगळ्या ठेवलेल्या, दांडा तुटलेल्या कपात चहा देते. ती पिते, रडते, मालकिणीच्या लेकरांना दुवा देत जिना उतरते.

ती बाई माझी आई होती. कॅन्टीनमध्ये मीच सांगितलं होतं. मैत्रीण समजून.

मी उभी राहिले. "सर, ती माझी आई हाय. आणि ती रडली न्हाई."

वर्ग हसला. माझ्या 'हाय'ला. चिडले की माधवनगरची बोली येते माझ्या तोंडात.

सर म्हणाले, "बस. तुझ्याकडे अनुभव आहे, भाषा हिच्याकडे आहे. हिला घरातलं आणखी सांग. पुस्तकात तुझे आभार मानेल."

मैत्रीण हळूच म्हणाली, "अगं, रडल्याशिवाय वाचकाला कणव कशी येणार?"

दीड वर्ष मी गप्प होते. माझ्या पानापानावर सरांचा लाल शेरा. 'बोली कमी करा.' मी करत गेले. माझी माणसं टीव्हीवर बातम्या दिल्यासारखी बोलायला लागली. माझीच मला ओळखू येईनात. ते सगळं त्या दुपारी अंगावर आलं. मी बसले नाही.

"कणव मागितली कुणी? आईनं तो चहा कुंडीत ओतला. गादी अर्धी टाकली. म्हणाली, आवं बाई, ऱ्हायलेली तुमीच भरा. घरी येऊन सांगताना लय हसली ती."

आता कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "हे पटत नाही. अशी बाई इतकी ताठ असेल?"

अशी बाई.

प्रकरण विभागाच्या अंकात छापून आलं. रडणाऱ्या बाईसकट. खाली माझे आभार. मला न विचारता.

मी वर्ग सोडलेला नाही. सोडणारही नाही. घरातलं आता कुणाला तोंडी सांगत नाही, लिहिते. जुनी सगळी पानं फाडली, आई बोलते तशी पुन्हा लिहायला घेतली. परीक्षेला हीच कादंबरी देणार. नापास करायचं तर करा.

नापास करायला तरी ती वाचावी लागेल.