नागपूरचा वरवंटा

राज्यांची फेररचना झाली, नागपूरची राजधानी गेली आणि बाबांचं खनिजांचं ऑफिस जबलपूरला आलं. त्याच्यामागून आम्हीही आलो. सामानात आईचा पाटा-वरवंटा होता. "तिकडे दगड मिळत नाहीत का?" असं बाबांनी तेव्हा विचारलं होतं म्हणे. सगळं घर दगडांच्या नमुन्यांनी भरणाऱ्या माणसाने हे विचारावं, याचं आईला कायम नवल वाटे.

जबलपुरात दगडांना काय तोटा! मदनमहालला ग्रॅनाइट, भेडाघाटला संगमरवर, सिहोऱ्याकडे लोखंड नि मँगनीज, कटनीकडे चुनखडी आणि बॉक्साइट. बाबा दौऱ्यावरून यायचे ते पिशव्या लादूनच. गोरखपूर मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पाहुण्याला जागा नव्हती, दगडांना होती. शिवाय त्यांना एक खोड होती. दगड दिसला की हातोडीने त्याचा टवका काढायचा. बाहेरचा रंग ऊनपावसाने बदललेला असतो, खरा दगड आत असतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा सत्यनारायणाला गेलो असताना त्यांनी यजमानांच्या पायरीकडे असं काही पाहिलं की आईने त्यांचा हातच धरला.

घरात एक भांडण कायमचं होतं. आई म्हणायची, नागपूरच्या दगडावर वाटलेल्या चटणीची चव इथल्या दगडाला नाही. बाबा म्हणायचे, "अगं, तोच काळा दगड आहे. त्याच लाव्ह्याचा. नागपूरहून इथपर्यंत पसरलेला."

"मग तुमचा लाव्हा येऊन राहिला का चटणी वाटायला?"

यावर बाबा हसायचे आणि जेवण मजेत व्हायचं.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. मुलगी झाली, बारसं ठरलं. आमच्यात बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात. त्याला झबलं-टोपडं चढवायचं, गोविंद-गोपाळ म्हणत या हातातून त्या हातात द्यायचं, पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचं. मगच बाळाची पाळी. माझ्याआधी आणि माझ्या भावाआधी आईचा हाच वरवंटा पाळण्यात निजला होता. तिच्या आईने तो तिला लग्नात दिलेला. त्यामुळे नातीच्या बारशाची तिची तयारी म्हणजे मुख्यतः वरवंट्याचं टोपडं शिवणं.

बारशाच्या आदल्या दिवशी ती शिवलेलं टोपडं घालून बघायला गेली, तर वरवंट्याच्या एका टोकाचा टवका गेलेला. माझ्या बाळंतपणाच्या धांदलीत वाटण मिक्सरवर चाललं होतं, म्हणून तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बाबा तेव्हा रिटायर झाले होते आणि हाती वेळच वेळ होता. भांडणाचा एकदाचा निकाल लावायचा म्हणून त्यांनी तो टवका काढला, जुन्या ऑफिसात काचेवर कागदाहून पातळ घासून घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली इथल्या दगडाशेजारी ठेवून पाहिला. "एकच आहे," त्यांनी हसत सांगितलं. बारशाला वरवंटा लागतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"काहून फोडला तुम्ही?" आई म्हणाली. "आता हा खंडित झाला. लेकराच्या पाळण्यात कसा ठेवू? माझ्या आईचं एवढंच तर उरलं होतं माझ्यापाशी."

चिकटवून देतो, असं बाबा म्हणाले खरे, पण चिकटवायला टवका होता कुठे? तो घासून संपला होता. मग ते बाजारात जाऊन नवा वरवंटा घेऊन आले. बारशाला झबलं त्यालाच चढलं. टोपडं त्याला सैल झालं.

खंडित वस्तू घरात ठेवत नाहीत. पुढे एका सकाळी आईने ग्वारीघाटावर आपला वरवंटा नर्मदेत सोडला. "कधी कुणाला हा गाळात सापडला, तर नदीनेच आणला म्हणतील," बाबा पुटपुटले. कुणी हसलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

त्यानंतर आईने नागपूरच्या दगडाचं नाव काढलं नाही. बाबा जेवताना मुद्दाम विषय काढायचे, ती वाढत राहायची. त्यांना आता भांडायलाही कुणी उरलं नव्हतं.

एकदा हिरव्या मिरचीची चटणी होती, नव्या वरवंट्याने वाटलेली. बाबांनी घास घेतला. "त्या दगडाची चव नाही गं हिला," ते खाली मान घालून म्हणाले. जिंकलेलं भांडण ते परत करायला आले होते. माझा राग तिथल्या तिथे गेला. आई आता काहीतरी खमंग बोलेल, निदान टोमणा तरी मारेल, म्हणून मी वाट पाहत राहिले.

आईने त्यांच्या ताटात आणखी थोडी चटणी वाढली.

"दगड एकच आहे," ती म्हणाली.