म्हातारीची टोपली

माझी सगळी नोकरी लासूर स्टेशनच्या बसस्थानकावर वेळापत्रक सांभाळण्यात गेली. गाडी पाच मिनिटं उशिरा आली की माझं डोकं फिरायचं. अशा माणसाला लेकीनं ऐन थंडीत जपानमधल्या एका लहानशा बेटावर नेलं. तिथं दिवसाला चार बस, आणि बघायला म्हणाल तर संत्र्यांच्या बागा, दोरीवर वाळत घातलेले मुळे आणि समुद्र.

लेक तिकडच्या मोठ्या शहरात नोकरीला आहे, एकटीच राहते. तिला परत आणायचंच, हे मी उस्मानपुऱ्यातल्या घरातून निघतानाच ठरवलं होतं. ताप आला तर पाणी द्यायला माणूस नाही, अशा मुलखात पोरीनं राहायचंच कशाला? बायकोला म्हणालो, बेटावर निवांत विषय काढतो.

पहिल्याच सकाळी आम्ही उतरलो होतो त्या घराच्या दारात संत्र्यांनी भरलेली टोपली दिसली. कुणीतरी विसरलं असणार. सवयीनं मी ती उचलली आणि बसथांब्याच्या बाकावर नेऊन ठेवली. ज्याची असेल तो नेईल. तासाभरानं शेजारच्या बागेतली म्हातारी तीच टोपली घेऊन दारात हजर. लेकीला हसू आवरेना.

"बाबा, ती आपल्यासाठीच आहे! वानवळा आहे तो."

बायकोचा चेहरा उजळला. आपल्या शेतात पिकलं की शेजाऱ्याला द्यायची रीत इथंही आहे म्हटल्यावर तिचं निम्मं परकेपण तिथंच गेलं.

"टोपली रिकामी माघारी देऊ नाय," म्हणत तिनं घरून आणलेले तिळाचे लाडू त्यात भरले. दुपारी टोपली रताळी घेऊन आली. संध्याकाळी शेंगदाण्याची चटणी गेली. सकाळी मुळे आले. म्हातारीही काही ऐकणाऱ्यातली नव्हती.

चार दिवस आमचा प्रवास म्हणजे त्या घरापासून म्हातारीच्या अंगणापर्यंत, फार तर दोनशे पावलं. कोवळ्या उन्हात तिघी बसायच्या, लेक दोघींच्या मध्ये दुभाषी. मी पायरीवर संत्री सोलायचो. खरं तर चिडायला हवं होतं, पण मला लई मजा आली. समोरून बस निघून गेली तरी घड्याळाकडं बघितलं नाही. विषय काढायचा मात्र राहूनच गेला.

निघताना म्हातारी धक्क्यावर आली. टोपलीत सोलून वाळवलेली तांबडी, गोड फळं होती. टोपली तिनं आम्हाला नाही, लेकीच्या हातात दिली. बोट सुटायला सहा मिनिटं होती. मी घाईघाईनं फळं पिशवीत ओतायला लागलो, म्हणजे टोपली जिची तिला देऊन मोकळं व्हावं. बायकोनं माझा हात धरला.

"राहू द्या की हो. टोपली पोरीपाशीच असू द्या. येईल ना ती माघारी द्यायला."

लेक टोपली पोटाशी धरून बोटीत चढली. धक्का दिसेनासा होईपर्यंत ती हात हलवत राहिली, आणि तिकडं म्हातारीही.

घरी आल्यावर काळजीनं पुन्हा डोकं वर काढलं. पुढच्या थंडीत न राहवून मी फोन लावला. आता पुरे, ये घरी, असं स्पष्टच सांगणार होतो. माझ्या आधी तीच बोलली.

"बाबा, उद्या बेटावर चाललेय. आजीचा फोन आला होता, संत्री पिकलीत म्हणून. टोपलीत काय नेऊ?"

ओठावर आलेलं मी गिळून टाकलं.

"काय बी ने," मी म्हणालो, "पण रिकामी नेऊ नको."