आक्कांच्या बालपणाचं प्रकरण

"हे बालपण कुणाचं आहे, सर?" मी फोनवर विचारलं.

"आक्कांचंच! चरित्र त्यांचंच आहे ना?" लेखक चिडले. ते प्राध्यापक आहेत.

मी कोल्हापुरात एका प्रकाशनात कॉपी एडिटर आहे. म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढायच्या. शुद्धलेखनाच्या आणि माहितीच्याही. आक्का कुरुंदवाडच्या कवयित्री. गावोगाव फिरून त्यांनी बायकांच्या ओव्या उतरवून घेतल्या. सरांनी लिहिलं होतं, की विद्वान वडिलांनी त्यांना मांडीवर बसवून लोकगीतांची गोडी लावली. आक्कांच्या एका कवितेत तर बाप मुलीची वही चुलीत घालतो. सरांनी ती वाचली नसावी. चरित्र लिहिताना एवढी सवड कुणाला असते?

मी कुरुंदवाड गाठलं. ऐंशीच्या आक्कांना ते पान वाचून दाखवलं.

"मांडीवर? वही जाळली की त्यानं माझी! ओव्या दिल्या हमीदाभाभीनं. शेजारी वाकळा शिवायची. टाका घालत गायची. मी शाळा चुकवून तिच्याजवळ बसायची." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तिचं नाव न्हाय व्हय ह्यात?"

नव्हतं. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "मुलाखतीत बोलल्या होत्या त्या. पण वाकळा शिवणारी बाई गुरू म्हणून शोभत नाही हो. चरित्राला उंची लागते."

म्हणजे ती चूक नव्हतीच. सोय होती.

प्रकाशनाच्या मालकांना वेगळीच घाई. "आक्कांचा सत्कार आठवड्यावर आलाय, मॅडम. त्यात पुस्तक निघायचंय. चार शब्द बदला आणि प्रिंटला सोडा."

"मग आक्कांना तुम्हीच सांगा," म्हणत मी फोन लावून त्यांच्यापुढं धरला.

पलीकडून आक्का कडाडल्या, "हमीदाभाभी न्हाय, तर माझा फोटो बी नको आन् ओव्या बी नकोत. सरांच्या बापावर काढा पुस्तक!"

मालकांनी प्रिंट थांबवलं. प्रकरण रद्द झालं. आक्कांनी सांगितलं तसं मी नवं टाइप केलं. सत्काराला हमीदाभाभींची मुलगी आली होती. आईचं नाव छापलेलं पान ती बोटानं पुन्हा पुन्हा चाचपत होती.

स्टेजवर सर हमीदाभाभींविषयी वीस मिनिटं बोलले. हा दुवा आपल्याच संशोधनातून सापडला म्हणाले. टाळ्याही पडल्या.

तेव्हापासून मी एक पाळते. माणसाची माहिती माणूस जिवंत असतानाच तपासायची. नंतर विचारायला फक्त सर उरतात.