आई माझी, अक्षर माझं, वचन तिचं

अगं, जरा जवळ सरक, निदान मनानं तरी. फोनवर विचारायची गोष्ट आहे का ही? ‘मोठी आई, बायबल देवाचं की माणसांनी लिहिलेलं?’ नोएडातून एवढं विचारायचं, आणि कुकरची शिट्टी झाली की ठेवून द्यायचं! म्हणून बसले लिहायला. शाळा माझी सातवीतच सुटली, पण या प्रश्नापायी मी तुझ्याहून जास्त जळले आहे.

नव्या वर्षाच्या सकाळी आपल्याकडे वचनं काढतात. बायबलातली एकेक ओळ चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, आणि प्रार्थनेनंतर ज्यानं त्यानं एक उचलायची. जी येईल तो आपल्यासाठी वर्षभराचा देवाचा शब्द. दिल्लीत वाढलेल्या तुम्हा पोरांचं मराठी अक्षर म्हणजे आनंदच, त्यामुळे चिठ्ठ्या लिहायची मी. तोंडपाठ, पुस्तक न उघडता. म्हणूनच की काय, मी चिठ्ठी उघडली की मला माझंच अक्षर दिसायचं. तुझी आई उघडायची आणि तिचे डोळे भरून यायचे. धाकटी जाऊ माझी, आणि देव बोलणार तिच्याशी! जळायला एवढं पुरे होतं.

एका वर्षी तिला आलं, ‘दिवा मी सांभाळतो, तू झोप.’ पुढच्याच महिन्यात तुझ्या बाबांचं हृदयाचं ऑपरेशन. आत ते टेबलावर, बाहेर भर दुपारी ही बाकावर चिठ्ठी मुठीत धरून गाढ झोपलेली. मी टक्क जागी, आणि तिच्यावर चिडलेली.

बाबा सुखरूप घरी आले. मग ही म्हणते, “ताई, कुठल्या अध्यायातलं हो हे? खूण करून ठेवते.”

मी शोधलं. बायबलातली स्तोत्रं, संदेष्टे, पत्रं, सगळं पालथं घातलं. नाहीच! मग आठवलं, ही ओळ माझ्या आईची. मला झोपवताना ‘देव म्हणतो’ असं म्हणून सांगायची, आणि मी आयुष्यभर ते वचनच समजले.

तुझ्या आईला सांगितलं, जरा खुशीतच. वाटलं, आता उतरेल हिचा तोरा.

“अच्छा,” ती मेथी निवडत म्हणाली. “मग तुमच्या आईला कोणी सांगितलं?”

“अगं, आई होती ती माझी. देवाचा निरोप आणणारी संदेष्ट्री नव्हे!”

“संदेष्ट्यांच्या पोरांनाही असंच वाटलं असेल, ताई.”

आता बोल! पुस्तकात आहे म्हणून देवाचं, की देवाचं म्हणून पुस्तकात आलं? ज्यांनी पहिल्यांदा लिहिलं त्यांच्या हाताशी कुठलं पुस्तक होतं? आणि उद्या जो तो आपल्या आईचं बोलणं वचन म्हणू लागला, तर तेही मला चालायचं नाही. रेघ कुठंतरी हवीच. ती कोणी मारायची, ते मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की आई माझी, अक्षर माझं, आणि देवाला बोलायला सापडली तुझी आई. मला त्या ओळीत अजूनही फक्त माझी आईच ऐकू येते.

तुझ्या आईनं ती ओळ आपल्या बायबलाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवली आहे. मला विचारलंसुद्धा नाही. तुझ्याकडे येऊन राहिली आहे ना, तिला घेऊन लवकर ये, बाई. भांडायचंय मला तिच्याशी, आणि एकटीनं नुसतं जळत बसायचा आता कंटाळा येतो.