अण्णांच्या उदबत्तीचा वास

अगं पोरी, निघायची कसली घाई, जवळ बस जरा. या उदबत्तीच्या वासानं मला नव्वद सालच्या सुमाराचा शिवाजीनगरातला कारखाना दिसायला लागला. उन्हाच्या पट्ट्यात चंदनाची भुकटी तरंगायची आणि आम्ही बायका उदबत्त्या वळायचो. मालक, म्हणजे आमचे अण्णा, वास स्वतःच ठरवायचे. पण लोक छोट्या फ्लॅटांत राहायला लागले होते, वास उग्र म्हणून माल परत येत होता, कारखाना बंद पडायला आला होता, तरी अण्णांना सांगायला कुणी धजेना. शेवटी मीच म्हटलं, "अण्णा, वास सौम्य हवा." त्यांनी पेटती काडी नाकाजवळ धरली. मग हळूच म्हणाले, "अक्का, मला वासच येईनासा झालाय, म्हणून अत्तर वाढवत गेलो. उद्यापासून तुम्ही ठरवा." कारखाना तरला. आता माझ्या आमटीला घरचे सगळे छानच म्हणतात, खरं कुणी सांगत नाही. तू लवकर परत ये, आणि आमटी चाखून खारट झाली असेल तर सांग.