निळ्या माशांचं बाळंतपण

घड्याळं दुरुस्त करायचे म्हणून गल्लीत सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत, पण काकांचा जीव घड्याळांपेक्षा निळ्या माशांत. हे दुर्मिळ मासे जरा आवाज झाला की अंडी घालत नसत, म्हणून घरात सगळे कुजबुजत बोलायचे. मिक्सरसुद्धा शेजारी नेऊन फिरवायचा. तेव्हा एकेका पिल्लासाठी गिऱ्हाईक दारात ताटकळायचं. मग घरोघरी तेच मासे झाले आणि लोकांची हौस फिटली. आता फुकटही कोणी नेईना, आणि मासे काही अंडी घालायचे थांबेनात. वैतागून काकांनी टाकीला खेटून रेडिओ ठणाणा लावला, काचेवर थापा मारल्या. तरी सकाळी टाकीत पुन्हा अंडी.

"आता तरी बस करा की मेल्यांनो," काका खेकसले.

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि सवयीने कुजबुजल्या, "हळू बोला, अंडी घालतायत ते."